माणसांची खतावणी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



प्रतिवर्षी या प्रसंगी एखाद्या विद्वान वक्त्यास पाचारण करावे अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा ती मोडून कार्यकारी मंडळाने मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांस बाराखडी शिकविणाऱ्या एका निवृत्त शिक्षकास येथे उभे केले आहे. हा आमचा गौरव समजावा की आपल्या सहनशीलतेची परीक्षा समजावी, हे भाषणाअंती आपणच ठरवावे.

विषय निवडण्याची मोकळीक मंडळाने आम्हांस दिली होती. धर्म, नीती, शिक्षण हे विषय आमच्या पेशास शोभले असते. तथापि आम्ही आज दुकानाविषयी बोलणार आहो. आपल्या ज्ञातीतील निम्म्याहून अधिक कुटुंबांची चूल आजही दुकान, कारखाना, पेढी किंवा एखादा छोटा धंदा यांवर पेटते. त्या दुकानात माल किती असावा, भांडवल कोठून आणावे, व्याज किती द्यावे, यांवर या व्यासपीठावरून पुष्कळ वेळा बोलले गेले. पण त्या दुकानात जो माणूस सकाळी फळ्या उघडतो आणि रात्री कुलूप लावतो, त्याच्याविषयी कोणी बोलल्याचे आम्हांस स्मरत नाही. मोठ्या कारखान्यांतून यास ‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ म्हणतात, त्याचा एक स्वतंत्र विभाग असतो आणि त्यावर पदवी घेतलेले अधिकारी असतात. आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी की, हे सर्व हजार माणसांच्या कारखान्यास शोभते. आमच्या तीन माणसांच्या दुकानास त्याचे काय काम?

आम्ही गणिताचे शिक्षक होतो, म्हणून आधी गणितच मांडतो. हजार माणसांच्या गिरणीतून एक माणूस गेला तर गिरणीचा हजारावा भाग गेला. तीन माणसांच्या दुकानातून एक गेला तर दुकानाचा तिसरा भाग गेला. गिरणीत त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा उभा राहतो, कारण त्याचे काम लिहून ठेवलेले असते आणि ते जाणणारे आणखी दहा जण शेजारी असतात. दुकानात त्याचे काम त्याच्या एकट्याच्या डोक्यात असते. मग माणसांची काळजी अधिक कोणी घ्यावी? गिरणीवाल्याने की दुकानदाराने? उत्तर आपणांस सुचलेच असेल.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे या दृष्टीने पाहावे. जलंबहून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा १८७० साली झाला, तो खामगावच्या कापसासाठी. त्या बाजारपेठेची कीर्ती आपण वाडवडिलांकडून ऐकली आहे. पण कापूस आपल्या पायांनी आगगाडीत जाऊन बसत नाही. तो तोलणारा, वेचणारी, सरकी काढणारा, गठाण बांधणारा, पाठीवरून वाहणारा हमाल आणि या सर्वांचा हिशेब ठेवणारा मुनीम, एवढ्या हातांतून तो जात असे. खामगाव आज चांदीसाठीही ओळखले जाते. ती ओळख चांदीच्या भावाने आलेली नसून कारागिराच्या हाताने आलेली आहे. चांदी काय, कोठेही त्याच भावाने मिळते. शेगावच्या कचोरीचे पीठ, तेल आणि मसाला कोणीही आणू शकतो, पण तळणाऱ्याचा हात विकत आणता येत नाही. देऊळगाव राजाकडे बियाणे-उत्पादनाचा जो व्यवसाय वाढला, त्यात परागीभवन हाताने करावे लागते आणि ते नाजूक काम बहुधा स्त्रियांचे हात करतात. सारांश, या जिल्ह्यात ज्या ज्या धंद्याने नाव काढले, त्यात यंत्राइतकाच, किंबहुना अधिक, वाटा हाताचा आहे.

बरे, माणसे ठेवण्याची रीत आपणांस नवी आहे असेही नाही. शेतीत सालदार ठेवण्याची पद्धत आपण सर्वांनी पाहिली आहे. गुढीपाडव्यास सालदाराचे साल ठरते. रोख किती, धान्य किती, कपडा-जोडा कोणता, अडीअडचणीस उचल किती, हे चार माणसांदेखत बोलून ठरते. त्या पद्धतीत सालदाराची ओढाताण होत असे आणि उचलीपायी तो बांधलाही जाई, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु निदान एवढे तरी होते की, वर्षातून एक दिवस मालक व चाकर समोरासमोर बसत आणि काय द्यावयाचे व काय घ्यावयाचे, हे उघड बोलत. आमच्या दुकानांतून तोही एक दिवस नाही. माणूस लागतो तेव्हा बोलणे होते, त्यानंतर वीस वर्षे होत नाही.

पोळ्याची गोष्ट घ्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, त्यांस तूप-हळद लावतो आणि त्यास दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतो. मुक्या जनावरास आदले दिवशी आमंत्रण देणारी ही आपली संस्कृती. मग बोलत्या माणसाच्या खांद्यावर वर्षभर जे ओझे असते, त्याची विचारपूस आपण कोणत्या दिवशी करतो?

असो. उपदेश करणे सोपे असते. आम्ही जे बोलतो आहो ते पुस्तकात वाचून नव्हे, तर आमच्याच घरी आमच्याच हातून जे घडले त्यावरून बोलतो आहो. ती हकीकत आम्ही आजवर जाहीर रीतीने कोठेही सांगितलेली नाही. आपण घरचीच मंडळी आहा, म्हणून सांगतो.

नांदुऱ्याच्या बाजारात आमच्या वडिलांचे कापडाचे लहानसे दुकान होते. १९६१ साली तेथे एक सोळा वर्षांचा मुलगा कामास लागला. आमचा जन्म त्यापूर्वी तीनच वर्षांचा, म्हणून आम्हांस त्याचे मुलगेपण आठवत नाही. आम्ही त्यांस प्रथमपासून काका म्हणत आलो. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. पण आमच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात कोठीच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला होत्या. वडील आल्यागेल्यास अभिमानाने सांगत, “हा नोकर नव्हे, आमच्या घरचा माणूस आहे.”

काकांचे काम काय, असे कोणी विचारले असते तर वडिलांनी सांगितले असते की, कापड फाडणे आणि घड्या करणे. प्रत्यक्षात काकांना आसपासच्या दहा-बारा गावांतील प्रत्येक घर ठाऊक होते. कोणाकडे मुलगी उपवर आहे, कोणास कोणत्या काठाचे लुगडे लागते, कोणाची उधारी बुडणार नाही पण त्यास चारचौघांत आठवण देऊ नये, हे सर्व त्यांस ठाऊक असे. तो काळ कापसाच्या एकाधिकार खरेदीचा. १९७२ साली ती योजना सुरू झाली, आणि शेतकऱ्याच्या हाती चुकारा हप्त्याहप्त्याने येई. कोणाचा हप्ता कधी निघाला हे काकांना कळे, आणि दुसऱ्या बाजाराच्या दिवशी तो शेतकरी आपण होऊन दुकानाची पायरी चढे. उधारीची वही होती, पण वहीत केवळ आकडे होते. वसुली काकांच्या स्मरणात आणि जिभेवर होती.

त्यांचा पगार महिना तीनशे रुपये होता. तोही एका दिवशी एकरकमी कधी मिळाला नाही. मागतील तेव्हा पन्नास, कधी शंभर, आणि उरलेले दिवाळीस. यात वडिलांची लबाडी नव्हती; घरच्या माणसास तारखेवर पैसे मोजून देणे त्यांस परकेपणाचे वाटे.

१९८३ च्या अक्षय्यतृतीयेस काकांनी बावीस वर्षांत प्रथमच तोंड उघडले. मुलीचे लग्न काढावयाचे आहे, पगारात पंचाहत्तर रुपये वाढवावे आणि तो दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेस मिळावा, एवढेच ते म्हणाले. आम्ही त्या वेळी शिक्षक होऊन उन्हाळ्याच्या सुटीत घरी आलो होतो. घरात आम्ही शिकलेले. वडिलांनी आमचा सल्ला विचारला. आम्ही कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि हिशेब मांडला. पंचाहत्तर गुणिले बारा, वर्षाचे नऊशे. दुकानाचा नफा इतका. सबब परवडत नाही. वरती आम्ही असेही म्हणालो की, घड्या करावयास दुसरा कोणीही दोनशेत मिळेल.

काका तेथेच, कापडाच्या गाठी मांडीत, पाठमोरे उभे होते. त्यांनी ऐकले. ते काही बोलले नाहीत. महिनाअखेर त्यांनी किल्ल्या आणि उधारीची वही वडिलांच्या पुढ्यात ठेवली. वही पैपैशासह पुरी होती. वाकून नमस्कार केला आणि ते गेले. पुढे कळले की, मलकापुरास एका दुकानात त्यांस काम मिळाले.

जाताना त्यांची छत्री खुंटीवर राहिली. ती पोहोचती करावी म्हणून आम्ही निघालो, आणि दुकानाच्या पायरीवरच थांबलो. काका राहतात कोठे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. वडिलांस विचारले. त्यांसही नक्की सांगता येईना. बावीस वर्षे ज्यांस आम्ही घरचा माणूस म्हणत होतो, त्यांचे घर आमच्यापैकी एकानेही पाहिले नव्हते. शेवटी पानपट्टीवाल्यास विचारून गल्ली शोधावी लागली.

पुढील हकीकत लांबवीत नाही. दोनशेत माणूस मिळाला. त्याने घड्या उत्तम केल्या. परंतु गावोगावची सुमारे अठरा हजारांची उधारी बाहेर होती, त्यातील अकरा हजार कधी आलेच नाहीत. शेतकरी लबाड होते असे नव्हे. त्यांस वेळेवर आणि गोडीने आठवण देणारे कोणी उरले नव्हते. आणि एकदा उधारी थकली की, संकोचाने मनुष्य त्या दुकानाची पायरी चढत नाही, पलीकडच्या दुकानात जातो. १९८९ साली आम्ही दुकान बंद केले. आम्ही गणिताचे शिक्षक! नऊशे रुपये वाचविण्याच्या हिशेबात दुकान घालविले. आमचा गुणाकार बरोबर होता, पण ज्या कलमाचा हिशेब करावयाचा ते कलमच आम्ही मांडले नव्हते.

१९९४ साली मलकापूरच्या स्थानकावर काका भेटले. त्यांनी वडिलांची प्रकृती आस्थेने विचारली. आम्हांस क्षमा मागावयाची होती, शब्द फुटेना. केवळ एवढेच म्हणालो की, त्या वेळी पंचाहत्तर रुपयांकरिता आमचे चुकले. ते हसून म्हणाले, “पंचाहत्तर रुपयाचं काई नव्हतं, मास्तर. मले तारीख पायजे होती. वाण्याले, घरमालकाले काय सांगू, दर महिन्याले?”

बंधूंनो, आम्ही स्वतः त्या वेळी दरमहा पगार घेत होतो. आमच्या नावाची सेवापुस्तिका जिल्हा परिषदेच्या कार्यालयात होती. तीत आमची नेमणूक, आमची रजा आणि आमची प्रत्येक वेतनवाढ शाईने नोंदलेली होती. शाळेच्या शिपायाचीही तशीच होती. वेतनवाढ मागण्यासाठी आम्हांस जन्मात कोणापुढे तोंड वेंगाडावे लागले नाही. आज निवृत्तिवेतनही आम्ही घेतो आहो. जे आम्हांस न मागता मिळत होते, ते दुसऱ्याने बावीस वर्षांनी एकदा मागितले तेव्हा आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. हे शल्य आहे, म्हणून आज हा विषय आहे.

आता कोणी म्हणेल, मास्तर, हे भावनेचे झाले. व्यवहारात असे चालत नाही. तर व्यवहाराचे दाखले पाहू. आपल्याच विदर्भात, नागपुरास, जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. तेथे कामगारांची गैरहजेरी मोठी होती. दंड करावा, काढून टाकावे, हे उपाय त्या काळी सर्वमान्य होते. टाटांनी हजेरीबद्दल बक्षिसे ठेविली, भविष्यनिर्वाह निधी उघडला, १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी काढला आणि १८९५ पासून अपघातात जखमी होणाऱ्यास भरपाई देऊ केली. यांपैकी एकाही गोष्टीची त्या वेळी कायद्याने सक्ती नव्हती. गिरणीची व्यवस्था त्यांनी बेझनजी मेहता या गृहस्थांकडे दिली, ते मूळचे रेल्वेतील. कापडधंद्याचे शिक्षण त्यांस नव्हते. माणूस पारखून निवडला आणि त्यावर विश्वास टाकला. ती गिरणी आज चालत नाही, हे खरे. पण शंभराहून अधिक वर्षे ती चालली, हेही तितकेच खरे.

आपण म्हणाल, टाटांची गोष्ट मोठ्यांची. तर लहानाची घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास १८८८ साली धंदा मांडला तो सायकलच्या दुकानाचा. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. तेथे त्यांनी भोवती जी माणसे जमविली, ती पदव्या पाहून नव्हे. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर या मंडळींची नावे किर्लोस्करवाडीच्या इतिहासात आदराने घेतली जातात. ज्याचा कल यंत्राकडे त्यास यंत्र, ज्याचा कल हिशेबाकडे त्यास हिशेब, असे प्रत्येकाच्या कलाप्रमाणे त्यांनी काम दिले. इतकेच नव्हे, तर तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांस वसाहतीच्या रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. विश्वास टाकल्याने माणूस विश्वासू होतो, हे त्यांनी करून दाखविले.

आणि आपल्या जिल्ह्यातच पाहावयाचे तर शेगाव आहे. श्री गजानन महाराज संस्थानाची स्थापना १९०८ सालची. तेथील स्वच्छता, शिस्त आणि नम्रता पाहून परप्रांतीचे लोक चकित होतात. हजारो सेवेकरी पाळीपाळीने येऊन विनामूल्य सेवा करतात. ४ ऑगस्ट २०२१ रोजी दिवंगत झालेले शिवशंकरभाऊ पाटील यांनी ही व्यवस्था दीर्घकाळ सांभाळली व वाढविली. यावरून कोणी असा अर्थ मात्र काढू नये की, आपल्या दुकानातही नोकराने सेवाभावाने राबावे. देवाच्या दारी मनुष्य पुण्यासाठी येतो. आमच्या दारी तो पोटासाठी येतो. दोहोंची गल्लत करणे हा अन्याय होय. पण शेगावपासून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट आहे. तेथे प्रत्येक सेवेकऱ्यास आपले काम कोणते, जागा कोणती, वेळ कोणती, हे नेमके ठाऊक असते. जोडे सांभाळणाऱ्याचे कामही तेथे कोणी हलके लेखीत नाही. काम नेमून देणे आणि त्या कामास मान देणे, या दोन गोष्टींस भांडवल लागत नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, नफा थोडा, कोठून द्यावे? आम्ही मान्य करतो. मोठ्या दुकानांची आणि घरपोच मालाची स्पर्धा आहे. सर्वांसच पगार वाढविता येईल असे नाही. पण तारीख पाळता येईल. तारीख पाळण्यास एक पैसाही अधिक लागत नाही, केवळ शिस्त लागते.

दुसरा आक्षेप, माणसे टिकतच नाहीत. शिकवावे आणि त्याने पुण्यास किंवा संभाजीनगरास जावे. हेही खरे आहे. परंतु ज्यास काहीच शिकविले नाही तो टिकला, तर त्याने काय साधले? घड्या करणाराच बावीस वर्षे घड्या करील. शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्या देशात १९६१ सालापासून आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलगा वर्षभर आपल्याकडे शिकून पुढे गेला, तरी तो आपले नाव घेऊन जातो. शाळेतून मुले दरवर्षी जातात म्हणून आम्ही शिकविणे सोडले नाही.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, आपली सवय आहे आणि ती या मंडळात बोलणे थोडे अवघड आहे. जागा निघाली की, आपण प्रथम आपल्या ज्ञातीतला, शक्य तो नात्यातला, मुलगा पाहतो. ज्ञातिबांधवास हात देणे हे आपल्या मंडळाचे ब्रीदच आहे. त्यास आमचा विरोध नाही. परंतु नात्यातला म्हणून ज्यास घेतले त्यास दोष दाखविता येत नाही, आणि परका म्हणून ज्यास घेतले त्यास हक्क मिळत नाही, अशी दुहेरी हानी होते. माणूस कामावरून घ्यावा आणि घेतला की, तो कोणत्याही ज्ञातीचा असो, एकाच मापाने मोजावा. घरातील मुले आणि सुना दुकानात राबतात त्यांसही हेच लागू आहे. गल्ल्यावर बसणाऱ्या सुनेच्या नावे महिन्याकाठी काही रक्कम लिहिली जाते काय, याचा प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन शोध घ्यावा.

मग करावे काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे लहान दुकानास पाच गोष्टी पुरेत.

पहिली, माणूस घेताना एका कागदावर त्याचे काम, वेळ, पगार आणि सुटी लिहून दोघांनी सह्या कराव्यात व एक प्रत त्यास द्यावी. दुसरी, पगाराची तारीख ठरवावी आणि ती दुकानात गिऱ्हाईकाच्या वायद्याइतकीच पवित्र मानावी. तिसरी, वर्षातून एकदा, पाडव्यास म्हणा, त्यास समोर बसवून वर्षाचे बोलणे करावे. काय चुकले, काय साधले, पुढे काय शिकावयाचे. दोष एकांतात सांगावा, गुण गिऱ्हाइकादेखत सांगावा; आपण बहुधा नेमके उलट करतो. चौथी, त्याच्या डोक्यात असलेले ज्ञान त्याच्याच मदतीने वहीत उतरवावे आणि दुसऱ्यासही शिकवावे, म्हणजे तो आजारी पडला तर दुकान आजारी पडणार नाही आणि त्यासही निश्चिंतपणे रजा घेता येईल. पाचवी, त्याचे घर पाहावे. एकदा तरी पाहावे.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. राज्य विमा १९४८ साली, भविष्यनिर्वाह निधी १९५२ साली आणि उपदान १९७२ साली कायद्याने आले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. नेमणुकीचे पत्र द्यावे, वेतन ठरलेल्या मुदतीत द्यावे, काम सोडणाऱ्याचा वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा, या गोष्टी त्यांत आहेत. कोणती तरतूद किती माणसांच्या दुकानास लागू आहे, हे प्रत्येकाने आपल्या सल्लागारास विचारावे. आम्ही इतकेच म्हणतो की, जे भल्या माणसाने आपण होऊन करावयाचे, ते शेवटी सरकारास सांगावे लागले.

मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. पुढील वर्षापासून त्याच व्यासपीठावर, आपल्या बांधवांच्या दुकानांत दहा वर्षे पूर्ण करणाऱ्या नोकरांचाही सत्कार व्हावा. ते कोणत्याही ज्ञातीचे असोत. नारळ आणि शाल यांपेक्षा अधिक खर्च नाही. त्या निमित्ताने तरी मालकास मोजावे लागेल की, हा माणूस आपल्याकडे किती वर्षे आहे.

आणि एक सूचना प्रत्येक घरासाठी आहे. लक्ष्मीपूजनास आपण नव्या चोपडीवर कुंकवाने स्वस्तिक काढतो. संगणकावर हिशेब ठेवणारेही त्या दिवशी एक वही पूजेस मांडतातच. त्या चोपडीत रोकड, जमा, उधारी, सर्वांची खाती असतात. येत्या दिवाळीस त्यात आणखी एक पान राखून ठेवावे. त्या पानावर दुकानातील प्रत्येक माणसाचे नाव, तो आला ते साल, त्याचा पगार, त्याची तारीख आणि त्याचा राहण्याचा पत्ता लिहावा. आमच्या वडिलांच्या चोपडीत ते पान नव्हते. असते तर ती छत्री घेऊन आम्हांस पायरीवर थांबावे लागले नसते.